जळगाव-धुळ्याच्या सोळा आमदारांस : छोट्या करांचा हिशेब मागा

प्रति,
जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील सर्व सन्माननीय विधानसभा सदस्य

विषय : राज्याच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या करांचा वर्षवार आणि जिल्हावार हिशेब लोकांसमोर ठेवण्याबाबत

सन्माननीय आमदार महोदय आणि महोदया,



आपण सोळा जण आहात. चोपडा, रावेर, भुसावळ, जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर आणि मुक्ताईनगर हे जळगावचे अकरा मतदारसंघ. साक्री, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा आणि शिरपूर हे धुळ्याचे पाच. हे पत्र आपल्यापैकी कोणा एकाला किंवा कोणा एका पक्षाला नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा गठ्ठा आपल्या सोळाही जणांच्या हाती पडतो, मागण्यांवर मतदान आपण सोळाही जण करता, म्हणून ते सगळ्यांना आहे.

मी जळगावात कर सल्लागार म्हणून काम करतो. डाळमिल, जिनिंग, सराफी पेढ्या, किराणा दुकाने, खासगी शाळा, छोटे कारखाने यांचे भरणे आणि विवरणपत्रे हे माझे रोजचे काम. ‘ग्रास’ प्रणालीवर निघणारी शासनाच्या जमेची चलने दिवसभर हाताखालून जातात. त्या प्रत्येक चलनावर लेखाशीर्षाचा आकडा असतो. व्यवसाय कराचे चलन 0028 ने सुरू होते, मुद्रांक आणि नोंदणीचे 0030 ने. जमीन महसूल 0029 खाली जातो, वाहन कर 0041 खाली, वीज शुल्क 0043 खाली. यांपैकी कशातच न बसणारे, वस्तू आणि सेवांवरचे उरलेसुरले कर 0045 खाली. म्हणजे रुपया तिजोरीत पडला त्याच क्षणी तो कशासाठी आला, कोणी भरला, कोणत्या तारखेला भरला हे शासनाला कळलेले असते.

असे असूनही, धुळे जिल्ह्यातून गेल्या वीस वर्षांत दर वर्षी व्यवसाय कर किती जमा झाला, जळगाव जिल्ह्यातल्या घरगुती वीजबिलांतून शुल्क किती गेले, किंवा शिक्षण कराचा पैसा आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्या कामावर खर्च झाला, असे विचारले तर सामान्य माणसाला एका जागी, एका ओळीत, वाचता येईल असे उत्तर मिळत नाही. माझी तक्रार याबद्दल आहे. कर जास्त आहेत की कमी, हा वाद मी इथे काढत नाही. जो कर भरला त्याचा माग वर्षानुवर्षे काढता आला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यापुढे याहून मोठे प्रश्न आहेत हे मी जाणतो. कापसाचा भाव आहे, केळीचा पीकविमा आहे, तापी-गिरणेचे पाणी आहे. त्यात चार किरकोळ करांचे कसले घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आधी देतो.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला. त्या दिवशी राज्याचा बहुतेक वस्तूंवरचा मूल्यवर्धित कर, ऐषाराम कर, प्रवेश कर आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. जीएसटीचा दर आता जीएसटी परिषदेत ठरतो. तिथे महाराष्ट्राचा एक मंत्री बसतो, आपण बसत नाही. विधानसभेला स्वतःच्या अधिकारात कमी-जास्त करता येतील असे कर आता मोजकेच उरले आहेत : इंधन आणि मद्यावरचा कर, राज्य उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क, व्यवसाय कर, जमीन महसूल आणि त्यांना चिकटलेले उपकर. जे कर एके काळी मोठ्या विक्रीकराच्या सावलीत दुर्लक्षित राहिले, तेच आज आपल्या हातातले खरे अधिकार आहेत. आणि नेमका त्यांचाच हिशेब सगळ्यांत विस्कळीत आहे.

आता तक्रारी आणि त्यांसोबतच्या विनंत्या क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार : एकाच वर्षाचे तीन आकडे

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कोणत्याही कराचा आकडा शोधायला बसले की पहिली अडचण इथे येते. 2021-22 हे वर्ष घ्या. त्या वर्षाचा व्यवसाय कराचा एक आकडा मार्च 2021 मध्ये आला, तो अर्थसंकल्पीय अंदाज. दुसरा मार्च 2022 मध्ये आला, तो सुधारित अंदाज. तिसरा मार्च 2023 च्या पुस्तकात छापला गेला, तो प्रत्यक्ष जमेचा. खरा हिशेब तिसऱ्या आकड्याचा. पण भाषणात गाजतो पहिला, वर्तमानपत्रात छापून येतो पहिला, आणि तिसरा येतो तेव्हा सभागृह दोन वर्षे पुढे गेलेले असते. वीस वर्षांची मालिका जमवायची तर वीस पुस्तके उघडून प्रत्येकातला नेमका स्तंभ उचलावा लागतो. एखाद्या वर्षी प्रत्यक्षाऐवजी सुधारित अंदाज उचलला गेला तर पुढची सगळी तुलना चुकते.

महालेखापालांचे वित्त लेखे दरवर्षी निघतात आणि त्यांत प्रत्यक्ष जमा लेखाशीर्षानुसार असते. रिझर्व्ह बँक सर्व राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास दरवर्षी प्रसिद्ध करते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या तोंडावर सभागृहात येते. माहिती आहे, पण ती तीन घरांत विखुरली आहे, आणि छोटे कर बहुतेक ठिकाणी ‘इतर’ या एका ओळीत गुंडाळले जातात.

विनंती अशी : प्रत्येक छोट्या कराची किमान 2000-01 पासूनची प्रत्यक्ष जमेची एक सलग ओळ शासनाने प्रसिद्ध करावी. ती मराठीत असावी आणि आकडे उचलून गणित करता येईल अशा तक्त्याच्या स्वरूपात असावी. छापील पानाचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर टाकले की माहिती दिली असे होत नाही.

दुसरी तक्रार : मालिका तुटते तिथे खूण नाही

वर्षांची तुलना करताना वाटेत खाचा येतात. 1 एप्रिल 2005 रोजी विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि 0045 खालची जमा एकाएकी पडली. तो कर बुडाला म्हणून पडली नाही, त्यातले मोठे कर दुसऱ्या शीर्षाखाली गेले म्हणून पडली. सप्टेंबर 2020 ते मार्च 2021 या काळात मुद्रांक शुल्काचे दर तात्पुरते कमी केले होते, त्यामुळे त्या वर्षाचा आकडा आधीच्या वर्षांशी जसाच्या तसा ताडून पाहता येत नाही. धुळ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार वेगळा झाला. ‘धुळे जिल्हा’ या नावाखाली 1997 चा आकडा आणि 2000 चा आकडा शेजारी ठेवला तर जिल्हा गरीब झाला असे दिसेल. प्रत्यक्षात तो लहान झाला.

करमणूक कराचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 1923 च्या कायद्याने सुरू झालेला हा कर नव्वदहून अधिक वर्षे चालला. चित्रपटगृहे, जत्रेतले तमाशाचे तंबू, नंतर केबलच्या जोडण्या, सगळ्यांची मोजदाद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेत होत असे. 2017 नंतर मनोरंजनावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने फक्त पंचायती आणि नगरपालिकांपुरता ठेवला. त्या जुन्या नोंदवह्यांत खानदेशातल्या चित्रपटगृहांचा, जत्रांचा, टुरिंग टॉकीजचा जवळजवळ शतकभराचा आर्थिक इतिहास आहे. त्या रद्दीत जाण्याआधी वार्षिक बेरजा तरी उतरवून घ्याव्यात.

हा हिशेब निघतच नाही, असे शासनाला म्हणता येणार नाही. जीएसटीमुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई केंद्राने राज्यांना पाच वर्षे दिली. त्यासाठी 2015-16 हे पायाभूत वर्ष धरले गेले आणि त्यावर दरवर्षी 14 टक्के वाढ गृहीत धरली गेली. त्या पायाभूत वर्षात विलीन झालेल्या प्रत्येक कराची किती जमा होती, हे राज्याला लेखापरीक्षित आकड्यांनी दाखवावे लागले. दिल्लीकडून पैसे घ्यायचे होते तेव्हा पै-पैचा हिशेब निघाला. तोच हिशेब आपल्याच जनतेला देताना अवघड का व्हावा?

विनंती अशी : प्रत्येक मालिकेत जिथे कायदा बदलला, दर बदलला किंवा जिल्ह्याची हद्द बदलली, तिथे तारखेसह टीप द्यावी.

तिसरी तक्रार : हेतू सांगून घेतलेल्या पैशाचा माग

ही तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहितो.

व्यवसाय कर महाराष्ट्रात 1 एप्रिल 1975 पासून लागू झाला. त्याच्या पाठीशी 1972 च्या दुष्काळाचा अनुभव होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर चालवायची तर पैसा लागणार होता. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने थोडा कर द्यावा, त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर शासनाने आपल्या बाजूने घालावी, असा तो करार होता. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने या निधीला कायद्याचा आधार दिला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याने ज्या योजनेचा धडा गिरवला, ती ही योजना. तिचा खर्च महाराष्ट्रातल्या पगारदाराने उचलला याचा मला अभिमान आहे.

आज जळगावातल्या एखाद्या खासगी शाळेतल्या शिपायाची पगारपावती पाहा. महिना दहा हजारांवर पगार असेल तर दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो. फेब्रुवारीच्या पावतीवर 300. वर्षाचे 2,500. हीच रक्कम मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाच्या पगारातून कापली जाते, कारण राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती मर्यादा 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ठरली आणि तेव्हापासून तशीच आहे. 2023-24 च्या अर्थसंकल्पात 25,000 रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या महिलांना हा कर माफ झाला, ते योग्यच झाले.

पण ज्या मजुरासाठी हा कर सुरू झाला, त्याच्यापर्यंत तो पोचतो का? 2006 साली केंद्राची रोजगार हमी योजना ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. मजुरीचा मोठा भार तेव्हापासून केंद्राने उचलला. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. तो चालू राहण्याला माझा विरोध नाही. साक्री आणि शिंदखेड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात कामाची गरज आजही आहे. माझा प्रश्न एवढाच की दर वर्षी व्यवसाय कराचे किती आले, रोजगार हमी निधीत किती गेले, शासनाने आपली समतुल्य भर किती घातली, खर्च किती झाला आणि शिल्लक कुठे आहे. ही पाच आकड्यांची एक ओळ आहे. ती दर वर्षी छापली गेली पाहिजे.

दुसरा पैसा शिक्षण कराचा. 1962 च्या कायद्याने शहरांतल्या मालमत्तांवर हा कर बसला, त्याला पुढे रोजगार हमी उपकराची जोड मिळाली. जळगाव किंवा धुळे महापालिकेचे घरपट्टीचे बिल उघडले की या ओळी दिसतात. हा पैसा महापालिकेचा नसतो, राज्याचा असतो. महापालिका तो गोळा करून राज्याकडे भरते. गोळा केलेली रक्कम स्थानिक संस्थांनी वेळेवर भरली नाही, अशा नोंदी महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वारंवार आलेल्या आहेत. बागायती नगदी पिकांवरही याच कायद्याखाली आकारणी होते. रावेर-यावलच्या पट्ट्यात बागायती नगदी पीक म्हटले की केळीच डोळ्यांसमोर येते. म्हणजे शहरातला घरमालक आणि गावातला बागाईतदार दोघेही शिक्षणाच्या नावाने पैसे देतात. त्यातून आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्या शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या, हे दोघांपैकी कोणालाच सांगितले जात नाही.

तिसरा पैसा दुष्काळाचा. 1 ऑक्टोबर 2015 पासून शासनाने दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार लावला. मद्य, सिगारेट आणि शीतपेये यांवरचा कर वाढवला. सोन्यावरचा मूल्यवर्धित कर 1 टक्क्यावरून 1.2 टक्के केला. यातून सुमारे 1,600 कोटी रुपये मिळतील असे तेव्हा सांगण्यात आले होते. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. जीएसटी येईपर्यंत इथल्या सराफ बाजारात त्या 1.2 टक्क्यांनीच पावत्या फाटत होत्या. लग्नासाठी पोत घ्यायला आलेल्या शेतकऱ्याने दुष्काळासाठी जादा कर दिला, आणि अनेकदा तोच शेतकरी दुष्काळग्रस्त होता. तो पैसा वेगळ्या निधीत ठेवला गेला का? किती आला, किती दुष्काळावर गेला? त्या वर्षानंतर अधिभार कोणत्या कारणासाठी चालू ठेवला? दुष्काळ संपला की दुष्काळाच्या नावाने घेतलेला करही संपावा, नाहीतर तो कशासाठी घेतो आहोत हे नव्याने सांगावे, अशी अपेक्षा गैर नाही.

विनंती अशी : हेतू सांगून घेतलेल्या प्रत्येक उपकराचे आणि अधिभाराचे एक वार्षिक पत्रक निघावे. हेतू, जमा, निधीत वर्ग केलेली रक्कम, खर्च, शिल्लक आणि कर कधी संपणार याची तारीख, असे सहा रकाने पुरेत. जो कर कायम ठेवायचा आहे, त्याचे कारण सभागृहात सांगून तो नियमित करात मिळवावा.

चौथी तक्रार : ‘इतर जमा’

लेखाशीर्षांच्या रचनेत 800 हे गौण शीर्ष असते. त्याचे नाव ‘इतर जमा’. जी रक्कम कुठेच बसत नाही ती तिथे टाकायची. महालेखापरीक्षक वर्षानुवर्षे राज्यांना सांगत आले आहेत की या शीर्षाचा वापर कमी करा, कारण त्यात मोठ्या रकमा गेल्या की हिशेबातली पारदर्शकता जाते. माझ्या एखाद्या अशिलाने वर्षाच्या खर्चाची पाचवा हिस्सा रक्कम ‘इतर’ म्हणून दाखवली, तर कर अधिकारी त्याला नोटीस काढतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. शासनाने स्वतःसाठी याहून सैल नियम ठेवू नये.

विनंती अशी : कर उत्पन्नाच्या कोणत्याही मुख्य शीर्षाखाली ‘इतर जमा’ ठरावीक प्रमाणाबाहेर गेली तर तिचा तपशील त्याच पुस्तकात द्यावा.

पाचवी तक्रार : खानदेशाचा वाटा दिसत नाही

खानदेशातून तिजोरीत फारसे काही येत नाही, असे म्हणणारे मुंबई-पुण्यात भेटतात. आकडे पाहिले तर त्यांना आधारही सापडतो. पण ते आकडे कर कुठे भरला ते सांगतात. तो कोणी सोसला ते सांगत नाहीत. पुण्यात नोंदलेल्या कंपनीची शाखा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत असेल, तर इथल्या कामगारांचा व्यवसाय कर पुण्याच्या खात्यातून जमा होऊ शकतो. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गावरच्या पंपावर भरलेल्या डिझेलवरचा कर तेल कंपनी आपल्या नोंदणीच्या ठिकाणाहून भरते. पैसा खानदेशातल्या माणसाच्या खिशातून गेला, नोंद दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर झाली.

याचा परिणाम विकासाच्या वाटपावर होतो. 1984 च्या दांडेकर समितीपासून अनुशेष मोजताना राज्याचे तीन भाग धरले गेले : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. जळगाव-धुळे मुंबई-पुण्याबरोबर त्या तिसऱ्या भागात पडले, आणि त्यांचे मागासलेपण श्रीमंत जिल्ह्यांच्या सरासरीत झाकले गेले. केळकर समितीने 2013 साली प्रादेशिक असमतोलाचा पुन्हा विचार केला. अशा प्रत्येक समितीपुढे आपली बाजू मांडताना जिल्हावार आकडे हातात असावे लागतात. ते नसतील तर आपण फक्त भावना मांडतो.

हे आकडे काढणे अशक्य नाही. महावितरणचे जळगाव परिमंडल जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे सांभाळते. घरगुती ग्राहकाच्या बिलावर 16 टक्के वीज शुल्काची ओळ स्वतंत्र छापलेली असते. जिल्ह्यातल्या सगळ्या बिलांतल्या त्या एका ओळीची बेरीज संगणकाला जड नाही. मुद्रांक शुल्क दुय्यम निबंधक कार्यालयानुसार निघते. व्यवसाय करासाठी मालकाकडून कर्मचाऱ्यांची कामाची जागा भरून घेतली की प्रश्न सुटतो.

व्यवसाय कराच्या जिल्हावार मालिकेचा आणखी एक उपयोग आहे. त्याचा कमाल दर 1988 पासून बांधलेला असल्यामुळे जमा वाढते ती मुख्यतः भरणाऱ्यांची संख्या वाढली तर. पूर्ण कर भरणारे 4,000 लोक म्हणजे 1 कोटी रुपये. महिलांना मिळालेली सूट वेगळी धरली, तर ही ओळ जिल्ह्यातल्या संघटित रोजगाराची नाडी आहे. आमची मुले शिकून सुरत, नाशिक, पुण्याला जातात. इथे नोकऱ्या वाढताहेत की घटताहेत हे विचारायला वेगळी पाहणी करायला नको, ही एक ओळ पुरेशी आहे.

आणि जिल्ह्याचा हिशेब मांडण्याची रीत खानदेशाला नवी नाही. 1880 साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये जमीन महसूल, मुद्रांक, अबकारी, जंगल, नोंदणी असे एकेक शीर्ष घेऊन जिल्ह्याची जमा मांडलेली आहे. 1863 पासून साऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेतला जाई, त्याचे दोन भाग रस्ते आणि अन्य कामांना, एक भाग शाळांना, हेही तिथे लिहिलेले सापडते. ते राज्य परक्यांचे होते. 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले लोक त्याच राज्याच्या जमीन मोजणीविरुद्ध उठले होते. तो हिशेब राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी ठेवला जात होता, रयतेसाठी नाही. आज राज्य आपले आहे. मग आठ-अच्या उताऱ्यावर साऱ्याशेजारी जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचा उपकर छापलेला असतो, अनेकदा तो मूळ साऱ्याहून मोठा असतो, त्याचे पुढे काय झाले हे खातेदाराला कळायला हवे.

विनंती अशी : जिल्हा सांख्यिकी कार्यालय दरवर्षी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते. त्यात राज्याच्या सर्व छोट्या करांचा एक कायमचा तक्ता असावा, जमा कोषागारानुसार आणि भार ग्राहकाच्या ठिकाणानुसार, असे दोन्ही आकडे त्यात असावेत.

सहावी तक्रार : सूट आणि थकबाकी

जमा किती झाली हे अर्धेच चित्र. किती सोडून दिले आणि किती अडकले हे उरलेले अर्धे. एखादी सूट जाहीर होते तेव्हा तिचा अंदाजे खर्च सांगितला जातो, पण तीन वर्षांनी खरा खर्च किती झाला हे कोणी विचारत नाही. थकबाकीचेही तसेच. न्यायालयात अडकलेली किती, वसूल होण्यासारखी किती, बुडीत किती, हे वेगळे दाखवले नाही तर नियमाने भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला आपणच एकटे भरतो आहोत असे वाटू लागते. कर वसुलीला त्या भावनेइतके घातक दुसरे काही नाही.

विनंती अशी : प्रत्येक कराच्या ओळीखाली त्या वर्षी दिलेली सूट आणि वर्षअखेरची थकबाकी, अशा दोन ओळी जोडाव्यात.

आपण काय करू शकता

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम शासनाला अशी माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायला सांगते. कमी आहे ती मागणी लावून धरणाऱ्या लोकप्रतिनिधीची.

म्हणून आपणा सोळा जणांना चार गोष्टी सुचवतो. एक, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात व्यवसाय कर आणि रोजगार हमी निधी यांच्यावर तारांकित प्रश्न द्यावा. उत्तर अपुरे आले तर अर्ध्या तासाची चर्चा मागावी. दोन, आपल्यापैकी जे लोकलेखा समितीवर असतील किंवा पुढे जातील, त्यांनी शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकराच्या भरण्याचा विषय सुनावणीसाठी घ्यावा. तीन, जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा नियोजन समित्यांच्या बैठकीत समालोचनातल्या तक्त्याची मागणी ठरावाने नोंदवावी. चार, हे सर्व पक्ष बाजूला ठेवून सोळा सह्यांच्या एका पत्राने करावे. या मागणीत कोणत्याही सरकारवर आरोप नाही. 1975 पासून आलेल्या प्रत्येक सरकारने हे कर घेतले आहेत.

तक्ता तयार करायला कोणी माणसे हवीत असे शासनाने म्हटले, तर दोन्ही जिल्ह्यांतले कर सल्लागार, वाणिज्य शाखेचे प्राध्यापक आणि सांख्यिकीचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. वित्त लेखे मिळाले, कोषागाराच्या बेरजा मिळाल्या, तर मालिका जुळवून देण्याची जबाबदारी मी स्वतः आणि माझे सहकारी घ्यायला तयार आहोत. त्याचा मोबदला नको.

कर द्यायला आमची ना नाही. खानदेशातला माणूस शेतसारा भरतो, घरपट्टी भरतो, वीजबिल भरतो, आणि पगारातून कापलेल्या 200 रुपयांबद्दल कधी तक्रार करत नाही. त्याला त्याच्या पैशाचा हिशेब वर्षाच्या वर्षी मिळावा, आणि तो मिळवून देणारे आपणच असावेत, ही मनापासूनची अपेक्षा. या पत्राचे उत्तर खासगीत नको. सभागृहात विचारलेला प्रश्न हेच आमच्यासाठी उत्तर असेल.



आपला विश्वासू,
एक करदाता आणि कर सल्लागार
जळगाव

प्रत माहितीसाठी :
1. अपर मुख्य सचिव, वित्त विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
2. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, मुंबई
3. जिल्हाधिकारी आणि जिल्हा सांख्यिकी अधिकारी, जळगाव व धुळे